खोट्या मामाच्या पोरी

आमच्या घरात 'पानी' म्हणणाऱ्याला पाणी मिळत नसे. आमचे वडील, अण्णा, पुण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि 'न' आणि 'ण' यांच्यातला फरक हा त्यांच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न होता. दूधवाला, पोस्टमन, माझ्या सासरची माणसं, कुणाचीच त्यांनी गय केली नाही. माझ्या साखरपुड्याच्या पंगतीत नवऱ्या मुलाने 'लोनचं' मागितलं, तेव्हा तो 'लोणचं' म्हणेपर्यंत अण्णांनी बरणी सोडली नव्हती.

अण्णा गेल्याला दीड वर्ष झालं तेव्हा मी आणि माझी मोठी बहीण शैलाताई त्यांच्या टेबलाचा खण आवरायला बसलो. खणात खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला, तर त्याखाली सतरा पोस्टकार्डं. पहिलंच वाचलं आणि आम्ही दोघी फरशीवर बसलो.

"नारू, तुह्यं पत्र भेटलं. 'आपली प्रकृती कशी आहे' असं काऊन लिहतं? मी काय कलेक्टर आहो? आपल्या बोलीत लिहत जाय, नाही तं लिहू नको. पानी बरं पडलं. वांगे लय आले. तुही अक्का."

अण्णांचं नाव नारायण. पण त्यांना कुणी 'नारू' म्हणत असेल हेच आधी पटेना, आणि अक्का तर आम्हाला पूर्ण नवीन. आई-वडील लहानपणीच गेले, काकांनी पुण्याला आणून वाढवलं, आपण मूळचे वऱ्हाडातले, एवढ्या तीन वाक्यांत अण्णा स्वतःचा इतिहास संपवायचे. या अक्कानेच त्यांना आंघोळी घातल्या, पाटी-पेन्सिल दिली आणि काकांबरोबर पुण्याला धाडलं, हे आम्हाला कार्डांवरून कळलं. सुरुवातीची कार्डं रोहिणखेडची होती, मधली धामणगाव बढ्याची, शेवटची वडनेरची. त्यांवर नांदुऱ्याचा शिक्का होता. सगळ्यांत शेवटच्या कार्डावर फक्त दोन ओळी होत्या: "नारू, खोट्या मानसाले मी पत्र लिहत नाही. आता तू तुह्या घरी, मी माह्या घरी."

अण्णा आणि खोटं? आम्ही रात्रभर त्यावर डोकं लावलं. अण्णांनी काय खोटं सांगितलं असेल? अक्काचं कुणी आहे का तिकडे, आणि असलं तर आपल्याला दारात उभं करील का? संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. माझं वय छपन्न, शैलाताईचं एकसष्ट. नवऱ्यांना न घेता केलेला आमचा हा पहिलाच प्रवास. शैलाताईला हसू आवरत नाही हा तिचा जन्माचा आजार आहे, आणि तो संसर्गजन्य आहे, हे आधीच सांगून ठेवते.

रोहिणखेड

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरलो की हवा बदलते. वर शाली, खाली उन्हं. आमचे गाडीवाले गजाननभाऊ म्हणाले की वरचे लोक आणि घाटाखालचे लोकही वेगळे. कोण चांगले ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांचं घर वर आणि सासर खाली. दोन्ही बाजूंना कापसाची वेचून झालेली रानं, मधूनच हरभरा, आणि वाळायला लागलेली तूर.

एका कार्डात अक्काने लिहिलं होतं, "मशिदीपासल्या शिंप्याकडून पत्र वाचून घेत नाही, मी सोता वाचतो." तेवढाच आमचा पत्ता. गावातली मशीद जुनी, काळ्या दगडाची, उन्हात गार वाटणारी. तिच्याजवळच्या गल्लीत एका ओट्यावर ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ बिनचष्म्याने सुईत दोरा ओवत होते. त्यांचं नाव हमीदचाचा. कार्डातला शिंपी म्हणजे त्यांचे वडील.

पुण्यात पत्ता विचारला की पत्ता मिळतो, आणि कधीकधी तोही मिळत नाही. इथे पत्ता विचारला तर आधी बसायला चटई आली, मग उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट आलं, मग चहा, आणि त्यानंतर 'कोनाच्या तुम्ही?' हा प्रश्न. आम्ही नारायण म्हणून सांगितलं, त्यांना उमगेना. मग शैलाताईने पोस्टकार्ड पुढे करून 'नारू' म्हटलं, आणि चाचांनी सुई खाली ठेवली.

"वांगेवाल्याचा नारू? तो मास्तर झाला?" ते म्हणाले. "त्याले तं आम्ही गप्पीदास म्हनत होतो."

आम्ही वांगेवाले. छपन्न वर्षांनी मला माझं आडनावापेक्षा खरं नाव कळलं. आमच्या आजोबांचा वांग्याचा मळा होता, आणि नारू हा गावातला नामांकित थापाड्या होता. विहिरीत मगर आहे असं सांगून त्याने एकदा पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांना घरी पळवलं होतं. मशिदीमागे वाघ पाणी पिताना पाहिला, हेही त्याचंच. अक्का त्याला बदडायची आणि मग त्याच थापा शेजारणींना रंगवून सांगायची. चाचा हे सांगत होते आणि शैलाताई शेंगांचं ताट मांडीवर घेऊन हसत होती. तिचं पाहून चाचांची सून हसायला लागली, मग ओट्याशेजारची म्हातारी, आणि तिला तर आम्ही कोण हेही माहीत नव्हतं.

चाचांनी मळा दाखवला. आता तो दुसऱ्यांचा आहे, पण वांगी अजून लागतात. मळ्यातल्या बाईने आमची हकीकत ऐकून पिशवीभर वांगी तोडून दिली, आणि नको म्हटल्यावर अजून चार घातली. शैलाताईला वांग्याने अंगाला खाज सुटते. वांगेवाल्यांची नात म्हणून तिने ही पिशवी मोठ्या मानाने मांडीवर घेतली आणि मोताळ्यापर्यंत मनगट खाजवत आली.

धामणगाव बढे

मधल्या कार्डांत दुकानाचा उल्लेख होता. अक्काच्या नवऱ्याने इथे बैलांच्या दाव्यांचं, कासऱ्यांचं, दोरखंडांचं दुकान टाकलं होतं. "दोर लय विकतात. लोकाईले काय बांधाचं असते कोनाले मालूम," असं अक्काने लिहिलं होतं.

सकाळी बाजारपेठेत दोराच्या दुकानाची चौकशी सुरू केली. दुपारपर्यंत काही पत्ता लागला नाही, पण जेवणाचा प्रसंग घडला. एका खानावळीत मी ठेचा 'कमी तिखट' मागितला. वाढणाऱ्या ताईंनी डोळे बारीक करून विचारलं की कमी तिखट म्हणजे कसा. मला समजावता आलं नाही. भाकरी, ठेचा आणि वरून तेलाची धार. पहिल्या घासाला मला उचकी लागली, ती पुढचे दीड तास थांबली नाही, आणि त्या उचकीसकट मी सबंध बाजारपेठेत चौकशी केली. "इथे दोरांचं, हिक्, दुकान होतं का?"

शेवटी ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात वसंतशेठ भेटले. पंच्याहत्तरीचे असतील. पांढरं धोतर, आणि समोर मोबाइलवर चाललेलं कीर्तन. हीच ती जागा. अक्काच्या नवऱ्याकडून त्यांच्या वडिलांनी दुकान घेतलं होतं. वडनेरला शेत पाहणारा दीर वारला, म्हणून अक्काचं बिऱ्हाड तिकडे गेलं. एवढं सांगून ते थांबले, आमच्याकडे नीट पाहिलं आणि कीर्तन बंद केलं.

"तुम्ही त्या खोट्या मामाच्या पोरी तं नाही?"

माझी उचकी तिथेच थांबली.

मग त्यांनी सांगितलं. अक्काची एकुलती एक मुलगी कुसुम. वडनेरातच दिली. लग्नाला धामणगावचे सगळे गेले होते, वसंतशेठही. नवरीला मामा बोहल्यावर आणतो, मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभा राहतो, म्हणून सगळे मामाची वाट पाहत राहिले. मुहूर्त टळायला आला. अक्का दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली. मामा आला नाही. एका शेजाऱ्याला मामा करून लग्न लागलं. आणि पुढच्या आठवड्यात मामाचं एक पत्र आलं, ते इतकं अचाट होतं की अक्काने ते फाडलंही नाही, मिटलंही नाही, आल्या-गेल्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून घाटाखालच्या आमच्या नातलगांत खोटं बोलणाऱ्याला 'कुसुमचा मामा' म्हणतात.

पत्रात काय होतं हे मात्र वसंतशेठ सांगेनात. ते म्हणाले की तो मान कुसुमचा. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली, पण कुसुम आहे, वडनेरलाच आहे, आणि तिला मामाचं नाव काढलेलं खपत नाही.

बाहेर आलो. शैलाताई म्हणाली की आपण इथूनच परत जाऊ. मी म्हटलं, हो, जाऊ. आणि मग दोघीही वांग्यांच्या पिशवीसकट वडनेरच्या रस्त्याला लागलो.

वडनेर भोलजी

मलकापूर-नांदुरा हमरस्त्यावरचं हे मोठं गाव. कुसुमताईंचं घर शोधायला लागलं नाही. मुलगा प्रकाश भाजीपाल्याचा व्यापार करतो, त्याच्या दारात रिकाम्या कॅरेटांची थप्पी होती. दार एका बाईंनी उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, सत्तरीला टेकलेल्या, हातात लसणाची पाकळी. मी आणि ताई त्यांच्याकडे पाहतच राहिलो, कारण ते अण्णांचं नाक होतं. अगदी तेच, थोडं डावीकडे झुकलेलं.

गाडीत मी छोटंसं भाषण पाठ केलं होतं. ते सगळं विसरून मी म्हणाले, "आम्ही नारूमामाच्या मुली."

त्यांनी आम्हाला वरून खाली पाहिलं. मग आत गेल्या आणि आतलं दार लावून घेतलं.

आम्ही ओट्यावर उभ्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सून पाणी घेऊन आली, पण तिलाही काय करावं सुचत नव्हतं. शैलाताईला अशा वेळी हमखास हसू येतं; तिने पदर तोंडात धरला, तेव्हा मी तिच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात दार उघडलं. कुसुमताईंनी जरीकाठाची साडी नेसली होती, कपाळभर कुंकू लावलं होतं, केस विंचरले होते.

"आईच्या माहेरची मानसं पयल्यांदा आली," त्या म्हणाल्या. "तवा काय मी घरातल्या लुगड्यावर भेटू?"

आणि मग त्यांनी आम्हा दोघींना असं धरलं की त्यांच्या हातातली लसणाची पाकळी माझ्या ब्लाउजात गेली.

वांगी पाहून त्यांनी रोडग्यांचा बेत केला. अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजायला ठेवले, वांग्यांची भाजी शिजायला लागली, आणि त्या आतून पितळेचा डबा घेऊन आल्या. डब्यात अण्णांची पत्रं होती. सगळी. अक्का म्हणायची, कुसुमताईंनी सांगितलं, की खोटारड्याची असली तरी अक्षर चांगलं आहे, फेकू नको.

आमच्याकडची सतरा आणि त्यांच्याकडची एकोणीस पत्रं सतरंजीवर तारखेने लावली. अर्धी चौकशी पुण्यात आणि अर्धी उत्तरं वडनेरात, अशी ती पन्नास वर्षं वेगवेगळी पडून होती. मी अण्णांचं पत्र हातात घेतलं. अक्षर तेच, फळ्यावरचं, टपोरं, एकही खाडाखोड नसलेलं. आणि त्या अक्षरात लिहिलं होतं, "अक्का, इथीसा नळाले पानी दोनच घंटे येते."

पानी. अण्णांच्या हातचं. मी ते शैलाताईला दाखवलं. ती आधी अविश्वासाने ओळीवर बोट फिरवत राहिली, आणि मग जी हसायला लागली ती सतरंजीवर आडवी झाली. पुढच्या पत्रात 'लोनचं' होतं. त्यापुढच्यात 'कोन', 'आनला', 'म्हनून'. अक्काने आपल्या बोलीत लिहायला सांगितलं होतं, आणि मराठीचे शिक्षक असलेल्या आमच्या अण्णांनी तिचं इतकं मनापासून ऐकलं होतं. मला हसता हसता डोळे पुसावे लागले. हा माणूस मला भेटायला हवा होता. माझ्या नवऱ्याला तर नक्कीच.

मग आम्ही वाचायला बसलो. कुसुमताई आईची पत्रं वाचत, मी अण्णांची, सवाल आणि जवाब. अण्णा लिहीत की पुण्याचे लोक चहाला विचारतात पण चहा देत नाहीत; अक्का कळवी की मग विचारायच्या आधीच घरात जाऊन बस. अण्णांनी शैलाताईच्या जन्माचं कळवलं, तर अक्काचं उत्तर, "पोरीचं नाक कोनासारखं हाय ते लिहलं नाही." सून, प्रकाश, शेजारच्या दोन बायका, गजाननभाऊ, सगळे भोवती बसले होते. रोडगे एका बाजूने जळले.

शेवटी ते पत्र आलं. कुसुमताईंनी ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. ते मी जसंच्या तसं देते.

"अक्का, मी घरून टायमावर निघालो. मनमाडले गाडी चुकली म्हनून ष्टँडवर गेलो. कंडक्टर वडनेर वडनेर ओरडत होता. मी बसलो. मले झोप लागली. उठलो तं वडनेर आलतं. मांडव टाकेल होता, वाजंत्री वाजत होती. मी इचारलं, लग्न इथीसाच ना? ते हो म्हनले. हातपाय धुवाले पानी देलं, जेवाले बसोलं. दोन जिलब्या खाल्ल्या अन् नवरी दिसली. ते आपली कुसुम नव्हती. ते वडनेरही आपलं नव्हतं. कुसुमची अंजिरी साडी होती ते त्याच पोरीले देली. जेवलो होतो, तसाच कसा उठू? आता तुह्याकडं कोन्या तोंडानं येऊ? तुहा नारू."

मग कुसुमताई शांतपणे म्हणाल्या की विहिरीतल्या मगरीवर आईने विश्वास ठेवला असता, पण यावर कसा ठेवणार? साडी घेतलीच नाही, गाडीभाडं वाचवलं, आणि वर थाप मारली, असंच आई मरेपर्यंत म्हणत होती.

शैलाताईचं हसू मात्र थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"मीना," ती म्हणाली, "परक्या मांडवात जेवून येणारे."

ही आमच्या आईची म्हण. अण्णांनी चुकीच्या छत्र्या आणल्या, दुसऱ्याच्या चपला घालून आले, भलत्या बसमध्ये चढले, की आई म्हणायची, 'तुम्ही म्हणजे परक्या मांडवात जेवून येणारे.' आम्हाला ती मराठीतली जुनी म्हण वाटायची. मी ती सहावीत निबंधात वापरली, तर अण्णांनी ती लाल शाईने खोडली आणि 'अशी म्हण नाही' असं लिहिलं. मी चिडून विचारलं की मग आई कशी म्हणते, तर ते उठून गॅलरीत गेले होते.

हे आम्ही कुसुमताईंना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग त्यांनी प्रकाशला हाक मारली आणि विचारलं की दुसरं वडनेर कुठे आहे.

प्रकाशला ते माहीत होतं. नाशिककडे वडनेर भैरव, द्राक्षांचं गाव. तिकडचे एक व्यापारी त्याच्या ओळखीचे. त्याने फोन लावला. त्या व्यापाऱ्यांनी गावातल्या कुणाला तरी लावला. आम्ही जळलेली बाजू काढून रोडगे खाल्ले, तूप ओरपलं, शैलाताईने वांग्याची भाजी दोनदा घेतली आणि कोपरापर्यंत खाजवली. आम्हाला उत्तराची आशा नव्हती. पन्नास वर्षांत एका गावात लग्नं किती होतात.

रात्री आठच्या सुमाराला प्रकाशचा फोन वाजला. त्याने तो सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी नाव सांगितलं नाही, लोक नाना म्हणतात एवढंच म्हणाले. ते सावकाश बोलत होते. थोरल्या बहिणीच्या लग्नात आपण दहा वर्षांचे होतो, असा एक पाहुणा आला होता खरा. वऱ्हाडातला. जेवता जेवता एकदम रडायलाच लागला.

"आमचा मामा त्याच साली गेला व्हता," नाना म्हणाले. "ताईच्या पाठीशी उभं राहायला कुनी नव्हतं. तर आमचे आजोबा म्हनले, हा आपल्या पायानं आलाय, ह्यालाच उभा करा. उभा राहिला बिचारा. अंजिरी साडी दिली ताईला. ताई अजून नेसती दिवाळीला, आन दर वर्षी इचारती, माझा वऱ्हाडचा मामा परत कसा आला नाही."

साडीचा रंग आम्ही कुणी त्यांना सांगितला नव्हता. प्रकाशने आपल्या त्या व्यापारी मित्रालाही नाही.

अण्णांनी पत्रात जेवल्याचं लिहिलं, साडीचं लिहिलं, पण उभं राहिल्याचं लिहिलं नाही. अक्काला ते सोसलं नसतं, हे त्यांना कळलं असणार. कुसुमताई नाकाचा शेंडा पदराने पुसून उठल्या आणि भिंतीवरच्या अक्काच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अक्काचा चेहरा फोटोतही रागावलेलाच होता.

"आई, ऐकून राह्यली ना?" त्या म्हणाल्या. "मामा उभा राह्यलता. नवरी तेवढी चुकली."